बारा बोर माझ्याच नावावर होईल

चि. भूषण,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं हल्ली दर वेळी एकाच ठिकाणी येऊन अडतं. तू म्हणतोस, दिवस वाईट आलेत, मळ्यात एकटी राहू नकोस. मी काही बोलणार तोवर अर्णवच्या पोहण्याच्या क्लासची वेळ होते, नाहीतर इकडची रेंज जाते. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र वाचताना मध्ये बोलता येत नाही, मास्तरीण बाईला हे फार सोयीचं.

तू पिस्तूल घेतलंस ते मला श्वेताकडून कळलं. ग्रीन कार्ड येईपर्यंत घेता येत नव्हतं, ते आल्याबरोबर घेतलंस, म्हणजे मनात बरेच दिवस होतं. मी रागावले नाही. तुमचा शेजार कसा, रात्री-अपरात्री कोणाला हाक मारायची, हे चोपड्याजवळच्या मळ्यात बसून मला काय कळणार? टेक्ससमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं हे वाचलं, तेव्हा पुढ्यातला चहा मात्र तसाच राहिला. जिथे कोणाच्याही कमरेला असू शकतं, तिथे आपल्याकडेही असावं असं वाटणारच. पण ते घरात ठेवतोस कुठे, असं विचारलं तर तू म्हणालास, "सेफ आहे गं." हे काही उत्तर नव्हे.

नाना त्यांची बंदूक कशी ठेवायचे ते तुला अर्धंच माहीत आहे. बारा बोरची दुनळी मधल्या घरातल्या लोखंडी कपाटात, त्याची किल्ली त्यांच्याकडे. काडतुसं माझ्या माहेरच्या पेटीत, साड्यांच्या खाली, आणि त्या पेटीची किल्ली माझ्याकडे. मक्यात डुकरं शिरली तरी आधी मला उठवावं लागायचं. ही व्यवस्था त्यांची स्वतःची. आपलं डोकं लवकर तापतं हे त्यांना ठाऊक होतं. धाकट्या काकांशी बांधावरून वाद पेटला त्या उन्हाळ्यात तर त्यांनी कपाटाची किल्लीसुद्धा माझ्या हातात दिली आणि म्हणाले, पाऊस पडेपर्यंत मागितली तरी देऊ नकोस. त्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटला असेल तर त्या दिवशी.

अर्णव नऊ वर्षांचा आहे आणि कपाटं उघडण्यात बापावर गेला आहे. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं तुझ्या टेक्ससमध्येही गुन्हा आहे. तेव्हा गोळ्या वेगळ्या, कुलूप वेगळं, आणि एक किल्ली श्वेताकडे. तिला उठवल्याशिवाय ते तुझ्या हाती येता कामा नये. बाकी पत्रातलं काही पटलं नाही तरी चालेल, हे ऐक.

आता तुझा मुद्दा. इंग्रजांनी आपली हत्यारं काढून घेतली म्हणून आपण वाकलो, आणि ज्याच्याकडे हत्यार नाही त्याचं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या मर्जीवर असतं, असं तू म्हणालास. हे सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. गांधीजींनीही त्या कायद्यावर फार कडक लिहिलं आहे. १९३१ साली काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पुढे घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामतांनी तो घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली. म्हणून आपल्या कलम १९ मध्ये जमण्याचं स्वातंत्र्य आहे ते शांततेने आणि शस्त्रांशिवाय. तुमच्याकडे अमेरिकेत १७९१ पासून घटनेतच तो हक्क, आणि आमच्याकडे १९५९ च्या कायद्याखाली कलेक्टरसाहेबांची सही. पण त्या सभागृहातल्या लोकांनी त्याआधीच्या दीड वर्षात काय पाहिलं होतं, तेही बघ. फाळणीच्या कत्तली पाहिल्या होत्या, आणि गांधीजी पिस्तुलाच्या गोळीने गेले होते. त्या लोकांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि आपल्या खानदेशात तर बंदुकीची गोष्ट कधीच सरळ नव्हती. १८२५ मध्ये कंपनीच्या औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. डोंगरातल्या माणसांच्या हाती कंपनीने बंदूक दिली ती डोंगरच ताब्यात ठेवायला. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला आणि पुढच्या एप्रिलमध्ये अंबापाणीला कंपनीच्या फौजेशी लढला. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ भूमिगत क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या घरातला. त्यात आपले डॉ. उत्तमराव पाटील होते, साताऱ्याकडचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा होते. त्यांच्याकडे हत्यारं होती, हो. पण भूमिगत माणूस हत्यारावर दिवस काढत नाही. कोणीतरी दार उघडतं, भाकर देतं आणि सकाळी फौजदाराने विचारलं तर "आमच्याकडे कोणी आलं नाही" म्हणतं, तेव्हा तो टिकतो. आणि नंदुरबारचा शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला गोळ्यांपुढे उभा राहिला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, हातात झेंडा. यातलं जास्त स्वतंत्र कोण, ते मला इतकी वर्षं शिकवून ठरवता आलं नाही. तू ते फोनवर एका वाक्यात ठरवतोस.

बरं, इतिहास बाजूला ठेव. मळ्यातली रात्र कशी असते ते तू विसरला आहेस. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दोन वाजता सगळ्या शिवारात बॅटऱ्या हलतात. कोणी मोटर चालू करायला निघालेलं, कोणी फ्यूज गेला म्हणून डीपीकडे, कोणी केळीचं पाणी मोडायला. डोक्याला मफलर, हातात काठी, तोंड दिसत नाही. चोरही असाच दिसतो! केबलचोर असतात, खोटं कशाला सांगू, आपलीच केबल गेल्या दिवाळीआधी गेली. पण खिडकीतून बंदूक रोखून मी त्यातला चोर कोणता ओळखणार? नव्या न्याय संहितेतही स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तोही नाही. साठ फूट केबलसाठी माणूस मारायचा हक्क मला कायद्याने दिला असता तरी नको होता.

राईनपाडा आठवतं का? तू तेव्हा तिकडेच होतास. साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे असं मोबाइलवर फिरत होतं. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारलं. एकाच्याही हातात बंदूक नव्हती, आणि मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतो आहोत असंच वाटत होतं. त्या दिवसांत आपल्या गावातही पोरं रात्री काठ्या घेऊन फिरत होती. नाना पारावर जाऊन बसायचे, अनोळखी माणूस आला की आधी त्याला पाणी द्यायचे, मग गाव विचारायचे. तुझ्या "दिवस वाईट आलेत"ची मला भीती वाटते ती यासाठी.

आणि हत्यार इथे काही दुर्मीळ राहिलं नाही. सातपुड्याच्या अंगाला हद्द ओलांडली की गावठी कट्टा मिळतो हे आता मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही माहीत. कमरेला खोचतात, वाढदिवसाला फोटो काढतात, स्टेटसला लावतात, आणि तोच फोटो बघून पोलीस घरी येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्याराला किमान दोन वर्षं आहेत. वरातीत बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतात. पोरगं आत, आणि माय तालुक्याच्या वकिलाच्या ओट्यावर. यात कोणाचं काय स्वतंत्र झालं?

माझ्या वयाच्या माणसाला खरा धोका कुठून आहे सांगू? फोनमधून. मागे एका 'साहेबांचा' व्हिडिओ कॉल आला, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून उठू नका. मी म्हटलं, दूध उतू जातंय, थांबा, आणि फोन ठेवला. मग सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर कळवलं. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपमधल्या एका सरांची मात्र आयुष्याची पुंजी गेली. त्यांच्या दारात दोन कुत्री आहेत आणि भिंतीवर चार कॅमेरे.

तू विचारतोस, मग तुझ्याकडे काय आहे? रामसिंग आहे, आपला सालदार, त्याचं बिऱ्हाड खळ्याच्या पलीकडे. मोटर आता मोबाइलवरून चालू होते, त्यामुळे माझ्या रात्रीच्या फेऱ्या संपल्या. डुकरांसाठी झटका मशीन लावलं आहे, सोलरचं. थेट वीज सोडायची नाही हे रामसिंगला बजावून ठेवलं आहे, त्यात माणसं मरतात. स्कूटी मी चालवते. वर्षाची ज्वारी, डाळी आणि तिखट घरात आहे. पोलीस पाटलांचा नंबर एकवर, ११२ दोनवर. आणि शेजारच्या मळ्यातली कमलबाई रोज अंधार पडला की बांधावरून ओरडते, "बाई, काय घाबरस? हाक दे, मी शे ना आठे!" मी घाबरलेली नसतेच, पण तिला ओरडू देते. एक दिवस तिचा आवाज आला नाही तर मी जाऊन बघते, माझा आला नाही तर ती येते.

आता मला सगळ्यात जास्त काय टोचलं ते लिहिते. तू म्हणतोस, माझं घर, माझं पिस्तूल, माझा निर्णय, सरकारने मध्ये पडू नये. ठीक. आणि त्याच फोनमध्ये म्हणतोस, मळा ठोक्याने देऊन टाक, पुण्यात वन बीएचके बघितला आहे, गेटवर वॉचमन आहे, आई तू ऐकायचंच. म्हणजे स्वातंत्र्य तुझ्यापुरतं, आणि माझ्यासाठी वॉचमन? मी कुठे राहायचं, कोणत्या जोखमीत राहायचं, हे मी का ठरवू नये? बिबट्याचे ठसे नाल्यात दिसतात हे मला तुझ्या आधी माहीत असतं. गुडघे दुखतात हेही मलाच माहीत असतं. ज्या दिवशी पाट ओलांडता येणार नाही त्या दिवशी मीच फोन करेन. तोवर कोणी माझ्या वतीने घाबरू नये, मुलानेसुद्धा नाही.

म्हणूनच नानांची बंदूक मी सोडणार नाही. हे वाचून तू गोंधळशील. वर एवढं सगळं लिहून ही बाई बंदूक ठेवते? ठेवते. नाना गेल्यापासून ती जमा आहे. परवान्याच्या कामासाठी गेले तिथल्या एका बाबूने वर न बघता सांगितलं, "मुलाच्या नावावर करा ना बाई, नाहीतर विकून टाका, तुम्हाला काय करायची?" २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना मागता येतो, आणि वारसात बायको बसते, एवढं मी वाचून गेले होते. त्याला कलम दाखवलं. मग त्याने वर बघितलं. आता मला सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेऊन दाखला आणावा लागणार आहे, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. शिकवणारा पोरगा माझ्याच कोणा विद्यार्थ्याचा मुलगा निघणार, बघ.

तिचा उपयोग फार होणार नाही हे मला कळतं. डुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. आणि गंमत म्हणजे निवडणूक लागली, वातावरण तापलं की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. ज्या दिवसांत तुझ्या हिशोबाने ती सगळ्यात जास्त लागायला हवी, त्या दिवसांत ती ठाण्यात आणि हातात पावती. नाना दर निवडणुकीला ती पावती बाजाराच्या पिशवीत घालून आणायचे. तरीही ती या घरची आहे, आणि ठेवायची की द्यायची हे मी ठरवणार. किल्ल्या दोन आहेत, दुसरी रामसिंगच्या बायकोकडे ठेवायचा विचार आहे. ती नानांपेक्षाही कडक आहे.

तर काम असं. इतर वारसांचं ना-हरकत शपथपत्र मागितलं आहे. ताईने तिचं करून पाठवलं. तुझं ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून हवं, नुसता स्कॅन चालणार नाही म्हणतात. मसुदा ताईकडून घे. त्यात माझं नाव आधार कार्डावर आहे तसंच टाक, मागच्या वेळी बँकेत 'इ' आणि 'ई'वरून तीन खेटे पडले. कुरिअर आखाजीच्या आत मिळेल असं बघ, त्यानंतर कचेरीत कोणी जागेवर सापडत नाही.

श्वेताला आशीर्वाद, अर्णवला पापा. डाळिंबी रंगाचा स्वेटर त्याला होतो का ते कळव.

तुझी आई