कोलंबियातल्या विस्थापितांच्या सोबतीला आपले दोघे निघालेत, हातभार हवा

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो आणि मंडळीबाहेरच्या वेंगुर्लेकर स्नेह्यांनो,

सप्रेम सलाम.

येत्या फेब्रुवारीअखेर आपल्या मंडळीतले दोघेजण महिनाभरासाठी दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाला जात आहेत. एक निवृत्त मुख्याध्यापक आणि दुसऱ्या आपल्या सिस्टर, ज्यांच्या हातची सुई निम्म्या गावाने टोचून घेतली आहे. धमक्या येणाऱ्या आपल्या लोकांबरोबर राहायला माणसं पाठवा, अशी विनंती तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चने २००४ साली अमेरिकेतल्या चर्चला केली. तेव्हापासून तिकडे स्वयंसेवक जोडीने जातात. आपल्याकडे दवाखाना काढणाऱ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं १८५६ साली कोलंबियातही उतरली होती, म्हणजे नातं तसं जुनंच.

सैन्य, गनिमी संघटना आणि निमलष्करी टोळ्या यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या लढाईत तिथे ८० लाखांवर माणसं घरादाराला मुकल्याची सरकारी नोंद आहे. ती आपल्याच देशात परागंदा झालेली असल्याने निर्वासितांत मोजली जात नाहीत. २०१६ साली फार्क या सर्वांत मोठ्या गनिमी संघटनेशी करार झाला, पण बाकीचे सशस्त्र गट राहिले.

मूळ दुखणं जमिनीचं. आपला चाकरमानी घराला कुलूप लावून मुंबईला जातो, पण सातबारावर त्याचं नाव असतं आणि मे महिन्यात तो आंबे खायला येतोच. तिथल्या शेतकऱ्यांकडे पुष्कळदा कागदच नव्हता, त्यामुळे हुसकावल्यावर जमीन आपली हे सिद्ध करता येईना. २०११ च्या कायद्याने हे उलटवलं. आता हक्क सिद्ध करायची जबाबदारी जमीन परत मागणाऱ्यापेक्षा ती ताब्यात असणाऱ्यावर जास्त पडते. सामायिक जमिनीच्या दाव्यात हयात घालवलेल्यांना याचं मोल सांगायला नको! पण दावा लावला की धमकी येते. जमीन मागणारे कित्येक पुढारी मारले गेले आहेत.

मग आपले दोघे तिथे काय करणार? वस्तीच्या बैठकीत मागे बसायचं, कचेरीत जाणाऱ्याबरोबर बसने जायचं, दिसेल ते लिहून ठेवायचं. सल्ला द्यायचा नाही. बाहेरचा साक्षीदार समोर असला की हात उगारणारा कचरतो, त्यावरच सगळी भिस्त. भारतीय पासपोर्टचा दरारा अमेरिकन पासपोर्टइतका नाही, हे आम्ही जाणतो. पण साक्षीला फक्त श्रीमंत देशांतल्यांनीच का जावं, असं सभेत विचारलं गेलं आणि त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

"इथे काय दुःख कमी आहे?" असंही काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. २०२१ च्या पुरात आपली पोरं चिपळूणला चिखल उपसायला गेली होती, पुढेही जातील. त्या निधीला हात लावलेला नाही.

तिकीट, व्हिसा, विमा, राहणं-खाणं धरून दोघांचा खर्च ५ लाख ४० हजार रुपये आहे. कापणीच्या सणातल्या लिलावातून १ लाख ३५ हजार जमले. एका गावठी कोंबड्यावर तर तीनदा बोली लागली, कारण घेणारा प्रत्येक वेळी तो परत अर्पण करत होता. उरलेली रक्कम नाताळपूर्वी उभी करायची आहे. हा पैसा परदेशातल्या कुठल्याही संस्थेला जाणार नाही. देणगी कोषाध्यक्षांकडे द्यावी आणि पावती आठवणीने घ्यावी. हिशेब जूनमध्ये चर्चच्या फलकावर लागेल.

पैशांशिवायही मदत हवी आहे. स्पॅनिश येणारं कोणी ओळखीत असेल तर कळवा, फोनवरून शिकवलं तरी चालेल. पिवळ्या तापाची लस घ्यायला दोघे मुंबईला जाणार आहेत, तिचा दाखला नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवतात. लशीच्या खेपेला मुंबईत एक रात्र उतरायला जागा हवी. शब्बाथशाळेचा मोठ्या मुलांचा वर्ग मार्चभर कोणीतरी घ्यावा.

आणि सिस्टरांची काजूची बाग. नेमका बिया पडायचा हंगाम, घरात एकट्या सासूबाई, त्यांना वाकवत नाही. दोन दिवस बी वेचायची राहिली की वांदर आणि चोर दोघांचंही फावतं. आळीपाळीने सकाळी दोन तास येऊ शकणाऱ्यांनी महिला मंडळाकडे नाव आणि वार द्यावा. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.

आपली,
पंच कमिटी