ओरोसच्या विधी सेवेतल्या ताईंना मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार. नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण वाचलंत की कळेलच तुम्हाला.

आंब्याच्या सीझनला भाऊ देवगडकडं बागेत राखणीला होता, तिथं रात्री त्याला कोणी मारलं ते अजून कळलेलं नाही. एफआयआर झाली, पोस्टमॉर्टम झालं, बाराव्यापर्यंत माणसं आली गेली आणि मग घरात उरली वहिनी, दोन पोरं आणि भावानं घेतलेली उचल. सरकारकडून काही मिळतं का म्हणून एका ऑफिसात विचारलं तर म्हणे आधी आरोपी सापडू दे, मग बघू. गावात पण सगळ्यांची समजूत तीच.

तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत की असं काही नाहीये. आरोपी सापडला नाही, ओळखता आला नाही, खटला उभाच राहिला नाही तरी मेलेल्या माणसाच्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं, म्हणजे कायद्याची मदत देणाऱ्या तुमच्या सरकारी ऑफिसात, भरपाईचा अर्ज करता येतो, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसी) कलम 357ए होतं, आता त्या जागी आलेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, 396 आहे, आणि अर्ज आला की प्राधिकरणानं 2 महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. हे 2009 च्या शेवटापासून कायद्यात आहे ताई! एवढी वर्षं झाली आणि आमच्याकडं कोणालाच माहीत नाही, याचा खरंच राग येतो. एफआयआरची कॉपी हातात देतानाच पोलिसांनी हे सांगायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

वहिनी तर तयारच नव्हती. पैशान माणूस परत येतलो काय, एवढंच म्हणायची. तुम्ही वाद घातला नाहीत, नुसत्या तिच्याजवळ पडवीत बसून राहिलात, आणि मग हळूच म्हणालात की हे पैसे त्याच्या जिवाची किंमत नाहीत, पोरांचा हक्क आहे. त्यानंतर तिनं सही केली. वारस दाखल्यासाठी तलाठ्याकडं तुम्ही सोबत आलात, पासबुकातलं नाव आधारशी जुळत नव्हतं ते बँकेत बसून नीट करून घेतलंत, वकील पण फुकट मिळाला कारण बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही हेही तुम्हीच सांगितलंत.

पैसे जमा झालेत. उचल फिटली, थोरला कणकवलीला अकरावीला गेला. तपासाचं मी विचारत राहणारच आहे, ते सोडलेलं नाही. आणि 15100 हा विधी सेवेचा नंबर ग्रामपंचायतीच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलाय, शेजारच्या वाडीतली एक बाई त्यावर फोन करणार आहे, तिचं तेवढं बघा ताई.