शब्दाची जात वाक्यात बघा

महोदय,

परीक्षा जवळ आल्या की इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकणे सुरू होते : शब्द, अर्थ आणि पुढे त्याची जात. 'फास्ट' म्हणजे विशेषण, असे पाठ केलेले मूल 'ही रन्स फास्ट' या वाक्यातही विशेषणच लिहिते आणि हकनाक गुण गमावते. तिथे ते क्रियाविशेषण आहे. 'अ फास्ट ट्रेन'मध्ये विशेषण, तर 'शी फास्ट्स ऑन मंडेज'मध्ये चक्क क्रियापद. ती सोमवारी उपास करते.

मराठीत शब्दाचे काम बहुतेक वेळा त्याच्या शेवटावरून कळते : झोप, झोपेची, झोपलेले. इंग्रजीतले विभक्तीचे प्रत्यय ११व्या ते १५व्या शतकांदरम्यान बहुतांशी झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेवर येऊन पडले. 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेले मूल, पण 'स्लीपिंग पिल' म्हणजे झोपेची गोळी. पहिले धातुसाधित विशेषण, दुसरे धातुसाधित नाम. शंका आली तर शब्द फिरवून बघावेत. 'द चाइल्ड इज स्लीपिंग' जमते, 'द पिल इज स्लीपिंग' जमत नाही. तिथे 'पिल फॉर स्लीपिंग' असा अर्थ निघतो. उच्चारातही फरक आहे : पहिल्या जोडीत जोर 'चाइल्ड'वर, दुसरीत 'स्लीपिंग'वर.

'सिन्स'च्या बाबतीत पुढे काय आले ते तपासावे. नुसते नाम आले ('सिन्स मंडे') तर शब्दयोगी अव्यय; कर्ता आणि क्रियापद दोन्ही आले ('सिन्स शी लेफ्ट') तर उभयान्वयी; काहीच आले नाही तर क्रियाविशेषण. 'बिफोर'लाही हीच कसोटी चालते.

शेवटी 'ली' दिसले की क्रियाविशेषण, हा नियम तर अर्धाच शिकवला जातो. 'ली' विशेषणाला लागले तर क्रियाविशेषण होते (स्लो–स्लोली). नामाला लागले तर बहुधा विशेषण (फ्रेंड–फ्रेंडली). म्हणून 'ही स्पोक फ्रेंडली' चूक, 'इन अ फ्रेंडली वे' बरोबर. 'हार्ड'चे तर आणखी वेगळे : 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो काम जवळजवळ करतच नाही.

मार्गदर्शक पुस्तके काढणाऱ्यांना कळकळीची विनंती : शब्दापुढे एकच जात छापू नका. त्याऐवजी तो शब्द वेगवेगळी कामे करतो अशी दोन-तीन वाक्ये द्या आणि जात मुलांना ओळखू द्या.

– एक इंग्रजी शिक्षक, सांगली