ओहोटीची वेळ पण छापा ना

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वसंतातल्या समुद्रकिनारी भटकंतीवर तुम्ही अख्खं पान दिलंत. फोटो झकास आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण पेपर निघतो बडोद्यात, वाचणारे आम्ही दांडिया बाजार, रावपुऱ्यातले, आणि पानभर नुसतं गोवा नि कोकण? सौराष्ट्राला एक ओळ, ती पण दीवच्या बीचवर. दीवला गाड्या भरभरून लोक कशासाठी जातात ते गुजरातमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको.

सकाळी शेव-उसळ खाऊन निघालं तर वासद-तारापूर-वटामण करत जेवायच्या वेळेला भावनगर येतं. मधे भालचा पट्टा लागतो, फाल्गुनात तिथे भालिया गहू कापणीला आलेला असतो, पाणी न देता नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येणारा, आणि लांबवर एक झाड दिसत नाही, गाडीतली मुलं विचारतात समुद्र कुठाय. तर समुद्र बराच वेळ दिसतच नाही हो. भावनगर ते द्वारका हायवे नकाशात किनाऱ्याला चिकटलेला वाटतो, प्रत्यक्षात तो आतून जातो. भावनगरहून कोळियाक, तळाज्याहून गोपनाथ, असं प्रत्येक ठिकाणी हायवे सोडून आत वळावं लागतं. तुमच्या लेखात हे असायला हवं होतं, म्हणजे माणूस चारपदरी रस्त्यावर शंभरने गाडी पळवून "काय खास नाही" म्हणत परत येणार नाही.

आता मुद्द्याचं. कोळियाकला निष्कलंक महादेव आहे, पांडवांनी स्थापलेली पाच शिवलिंगं म्हणतात, ती भर समुद्रात आहेत. ओहोटीला चिखलातून चालत जायचं, भरतीला सगळं पाण्याखाली, वर फक्त ध्वज. आम्ही ओहोटी बघून जाऊन आलो, पाय धुऊन चहा घेत बसलो होतो, पाणी चढत आलं होतं तेवढ्यात एक जीजे ०६ पासिंगची गाडी आली, म्हणजे आपल्याच गावची. आजी नऊवारी सावरत उतरल्या, हातात ताटली, बेल, नारळ, मागून सून मुलाची चप्पल शोधतेय, आणि समोर पाणीच पाणी. यजमान चहावाल्यावरच तापले, मंदिर बंद कसं काय. तो बिचारा गाठिया तळता तळता म्हणाला, "हवे सांजे, काका," म्हणजे आता संध्याकाळीच. त्यांना रात्री सोमनाथचं बुकिंग होतं, थांबणार कसे. आजींनी तिथूनच हात जोडले, नारळ परत पिशवीत गेला.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सगळ्यात जास्त, भावनगरकडे उधाणाला दहा मीटरच्या आसपास पाणी चढतं. आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्यात गेलेल्या मेव्हण्याला फोन करून विचारलेली वेळ उपयोगाची नाही. आपल्या घरात पंचांग असतंच, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं), एवढं जरी छापलंत तरी पुष्कळ. होळी म्हणजे पौर्णिमा, पाणी खूप आत जातं आणि भराभर परत येतं, तेव्हा लहान मुलांना घेऊन चिखलात लांब जाऊ नये. रामनवमीला त्या मानाने पाणी कमी हटतं.

होळीवरून आठवलं, फूलडोलला, म्हणजे तिथल्या होळीच्या उत्सवाला, द्वारकेला पायी जाणाऱ्यांची रांग जामनगर-खंभाळियाकडून रात्रंदिवस चालू असते, रस्त्याच्या कडेला सेवेचे मांडव, त्या दिवसांत तिकडे रात्री गाडी काढूच नये. त्यापेक्षा चैत्रात जा. माधवपूरला रामनवमीपासून तेरसपर्यंत मेळा असतो, कृष्ण-रुक्मिणीचं लग्न लागतं, हल्ली ईशान्येकडची मंडळी रुक्मिणीच्या माहेरची म्हणून वाजत गाजत येतात. आपण तिला विदर्भातल्या कौंडिण्यपूरची लेक मानतो, मग वऱ्हाडी म्हणून आपण का नसतो, हा माझा जुना राग आहे, असो. माधवपूरहून पोरबंदरला जाताना मात्र रस्ता अगदी समुद्राच्या बाजूने जातो, काच खाली केली की तोंडावर खारं वारं, सगळ्या ट्रिपचे पैसे तिथे वसूल.

आणि समुद्राचा रंग बघत जा. भावनगरकडे गढूळ तपकिरी, कारण नर्मदा, मही, साबरमती सगळ्यांचा गाळ तिथेच उतरतो (आपली विश्वामित्रीसुद्धा ढाढरमधून तिकडेच जाते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही), दीवच्या पुढे निवळतो आणि द्वारकेजवळ शिवराजपूरला एकदम निळा. ह्याच गाळाने आपली सोय पण गेली. दहेज-घोघा रो-रो फेरी (गाडीसकट नेणारी बोट) २०१७ ला सुरू झाली तेव्हा बडोदेकरांना केवढा आनंद, पण नर्मदेच्या मुखाशी खोली पुरेना, शेवटी २०२० पासून फेरी हजीऱ्याहून सुटते. म्हणजे आधी सुरतेपर्यंत खाली जा मग बोट पकडा, त्यापेक्षा वटामण बरं.

कोडिनार आणि ओखामंडळ, द्वारकेसकट, हे बडोदा संस्थानातले मुलूख. ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या काळातलं. तिथून बेट द्वारकेला आधी होडीने जावं लागायचं, २५ फेब्रुवारी २०२४ ला सुदर्शन सेतू झाला तेव्हापासून गाडी थेट जाते. पण ह्यातलं एक अक्षर पुरवणीत नाही आणि शेजारी अर्धा कॉलम राशिभविष्य, तेही रोजच्याच पेपरातलं पुन्हा.

तर विनंती एवढीच की होळीपासून उन्हाळी सुट्टी संपेपर्यंत रोज त्या राशिभविष्याच्या खाली दोन ओळी द्या, भावनगर आणि वेरावळ, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. सरकारी तक्ते वर्षभराचे आधीच तयार असतात, मिळवायला फार त्रास पडणार नाही. जागा नसेल तर कन्या राशीचं काढलंत तरी चालेल, ती माझीच आहे, माझी हरकत नाही.

आपला नियमित वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा