हाताच्या व्यायामासाठी एक खोली द्या

मा. संपादक,
स. न.

२९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनी पहिल्या साडेचार तासांविषयी बरंच छापून येतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्याच वेळात द्यावं लागतं, म्हणून ती माहिती हवीच. पण रुग्ण घरी आल्यावर त्याच्या लुळ्या हाताचं काय करायचं, यावर ओळही नसते.

माझ्या यजमानांच्या आजारपणात येणारा प्रत्येक जण ‘चालायला लागले का?’ एवढंच विचारायचा. हाताची चौकशी कुणी करत नसे. चांगल्या हातावर भागतंय म्हटल्यावर दुबळा हात वापरायचाच राहतो. म्हणून काही रुग्णांच्या चांगल्या हातात जाड मोजा घालून दुबळ्या हाताकडून कामं करून घेतात. मनगट-बोटं थोडी हलत असतील, तर महिन्यांनंतरही याचा उपयोग होतो, असं अमेरिकेतल्या २००६ च्या अभ्यासात दिसलं. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेबलावर टॉवेल सरकवण्यापासून सुरुवात केली. पुढे कपड्यांचे चिमटे, वाटीतले वाटाणे, शेवटी कणीक. ‘आता हेच राहिलं होतं,’ म्हणत यजमानांनी ती मळलीही.

रुग्णाला उठवताना लुळा हात ओढायचा नाही, ही बाईंची पहिली ताकीद. खांदा सैल झालेला असतो, तो सांध्यातून सरकतो. बागेतल्या खुल्या व्यायामशाळेचं चाक अशा हाताने फिरवायला सांगणारे हौशी सल्लागार ठाण्यात कमी नाहीत. त्यांच्यापासून देव वाचवो.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा खर्च अनेकांना झेपत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि नेमके तेव्हाच व्यायाम थांबतात. ‘घरच्यांनी शिकून घ्यावं’ हा सल्ला स्वस्त आहे. पण भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला. २०१७ साली निष्कर्ष आला तो असा, की नुसतं घरच्यांना शिकवल्याने सहा महिन्यांनंतरचं परावलंबित्व कमी झालं नाही. जाणकाराची नजर लागतेच.

घोडबंदर रोडच्या कोंडीतून असा रुग्ण रिक्षाने लांबच्या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा न्यायचा कसा? ठाणे महापालिकेने प्रत्येक प्रभाग समितीच्या हद्दीत, आरोग्य केंद्रात किंवा ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात, ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसवावा. महागडी यंत्रं नकोत. टेबल, खुर्च्या, आरसा पुरे. खोली मात्र तळमजल्यावर हवी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे