जुन्या लायमन ४५ला पुन्हा कामाला लावणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

शिशाच्या गोळ्या घरी ओतून जुन्या रायफलीत वापरण्याचा छंद अमेरिकेत मोठा आहे आणि त्यातल्या अनेकांच्या टेबलावर लायमन कंपनीचं ४५ किंवा ४५० नंबरचं बिडाचं यंत्र अजून आहे. साच्यातून निघालेली गोळी डायमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या भोकात, दाबून नेमक्या मापाची करायची आणि त्याच दाबात तिच्या खोबणीत वंगण भरायचं, एवढं त्याचं काम. मूळ घराणं आयडियल कंपनीचं. जॉन बार्लो यांनी ती १८८४ मध्ये कनेक्टिकटात काढली आणि १९२५ मध्ये ती लायमनकडे आली. या यंत्रांबद्दल इथल्या आम्हा मराठी मंडळींना तुम्ही जे मराठीतून, न कंटाळता शिकवलंत, त्याचे हे जाहीर आभार. पुढच्यालाही उपयोग व्हावा म्हणून तुमचं सांगणं तपशिलासकट लिहीत आहोत.

तुमचा पहिला आग्रह असा, की यंत्र जाम दिसलं म्हणून ते बिघडलं असं समजू नये. बहुतेक वेळा आत फक्त जुनं वंगण दगडासारखं सुकलेलं असतं. पान्याला नळी लावून जोर केला तर बीड वाकत नाही, तडकतं, आणि मग ते यंत्र भंगारातच जातं. म्हणून आधी ऊब द्यायची. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा हेअर ड्रायर किंवा कढत पाणी पुरतं. उघडी ज्योत कधीच नको. मेण निथळलं की सुटे भाग मिनरल स्पिरिटमध्ये रात्रभर, हवेशीर जागी. पाण्यातून काढलेलं बीड बघता बघता गंजतं, म्हणून लगेच कोरडं करून तेलाचा हात. या घाणीत शिशाचे कण असतात, तेव्हा कोरडा तारेचा ब्रश मारायचा नाही, हातमोजे घालायचे, आणि स्वयंपाकाचं एकही भांडं या कामाला घ्यायचं नाही. हे तुम्ही प्रत्येक वेळी बजावलंत, त्याबद्दल आमच्या घरच्यांचेही आभार.

मग दाबाचा स्क्रू. वंगणाच्या टाकीतून उभा आटेदार दांडा जातो, म्हणूनच या यंत्राला वंगणाची मधोमध भोक असलेली कांडी लागते. दांड्यावरचा नट खाली सरकतो आणि वंगण डायकडे ढकलतो. स्क्रू फिरतोय पण डायमध्ये काही येत नाही आणि वंगण नटाच्या वर चढतंय, असं झालं की नटाचं सील गेलंय. ओ-रिंग असेल तर त्याच मापाची नवी घालायची. सील ठीक असूनही वंगण येत नसेल, तर कांडीखाली हवेचा फुगा अडकलेला असतो. टाकी थोडी कोमट करून नट सावकाश दाबला की तो निघतो. थंडीत गॅरेजमध्ये वंगण चालत नाही, तेव्हाही औषध ऊबच. अ‍ॅलॉक्स २१३८-एफ हे तयार वंगण आणि मधमाशीचं मेण निम्मंनिम्मं, हे जुनं मिश्रण साध्या खोलीच्या तापमानाला वाहतं. कार्नोबा मेणाची कडक कांडी असेल तर यंत्राखाली हीटर हवाच.

सगळ्यात मोलाचं तुम्ही जे शिकवलंत ते तीन सुट्या भागांबद्दल. आयडियलच्या काळापासून त्यांना जी, एच आणि आय म्हणतात: गोळीच्या नाकावर बसणारा वरचा पंच, माप देणारी डाय आणि डायच्या आतला पंच. गोळी वाकडी निघाली की लोक यंत्राला दोष देतात. तुम्ही आधी वरचा पंच मागायचात. नाकाच्या आकाराला तो जुळत नसेल तर गोळी डायमध्ये तिरपी शिरते, एका बाजूने घासली जाते, दुसरी बाजू कोरी राहते. योग्य पंच मिळत नसेल तर जरा मोठ्या पंचात स्टील मिसळलेलं इपॉक्सी भरायचं, गोळीला मेणाचा पातळ हात लावायचा, डायमध्ये सरळ उभी करून तिच्यावर तो पंच टेकवायचा आणि इपॉक्सी घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. हा उपाय अनेकांची यंत्रं वाचवणारा आहे.

जुन्या डायच्या तोंडाशी कधी कधी उतार नसून धारदार पायरी असते. ती शिसं दाबत नाही, तासते. कडेला शिशाची चकती जमलेली दिसली की हे ओळखायचं. पायरी मोडायला चारशे नंबरचा एमरी पेपर, तेल आणि चिरलेली लाकडी काडी पुरते. मग सहाशे नंबर. दर वेळी एक गोळी दाबून मायक्रोमीटरने मोजायची, कारण डाय मोठी करता येते, लहान करता येत नाही. आणि मोजायचं कशाच्या हिशोबाने? आधी रायफलीच्या रिकाम्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून पार करायचा, त्यावरून नळीच्या खोबणींचं माप घ्यायचं आणि गोळी त्याहून ०.००१ इंच मोठी ठेवायची. नळी ०.३०८ भरली तर गोळी ०.३०९. एका दाबात ०.००३ इंचाहून जास्त कमी करायला गेलं की गोळी बिघडते.

गोळी डायमध्ये किती खोल जाते ते ठरवणारा स्क्रू लावताना गोळीची खोबण डायच्या वंगण सोडणाऱ्या भोकांसमोर आली पाहिजे. गोळी जास्त खाली गेली तर वंगण नाकाकडे लागतं, वर राहिली तर बुडाखाली शिरतं. बुडाखालचं वंगण दाब जास्त असल्यानेही येतं, म्हणून दोनतीन गोळ्यांमागे दाबाच्या स्क्रूचा पाव फेरा, आणि हाताचा दांडा खाली दाबल्यावर क्षणभर थांबायचं. काम संपलं की दाबाचा स्क्रू मागे घ्यायचा. नाहीतर सकाळी डायमधून वंगणाचा शेवया काढल्यासारखा ढीग दिसतो.

डाय अडकली तर तिच्यावरचा नट काढून हाताचा दांडा वर उचलायचा, आतला पंच तिला ढकलून देतो. हातोडी नको. पिना झिजून हाताचा दांडा हलत असेल तर घाबरू नका, गोळी सरळ ठेवायचं काम डाय आणि पंच करतात, असं तुम्ही म्हणालात तेव्हा कितीतरी यंत्रं विकायची थांबली.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की १९५९च्या शस्त्र कायद्याखाली तिथे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. इथेही आपापल्या राज्याचे नियम आधी बघावेत.

काका, तुम्ही लेथवर ओढून दिलेल्या वरच्या पंचांवर गोळीचा नंबर कोरून ठेवला आहे आणि ज्याला लागेल त्याला ते पाठवतो. स्टार कंपनीच्या सायझरबद्दल, म्हणजे याच कामाच्या दुसऱ्या यंत्राबद्दल, तुमच्याकडून शिकायचं राहिलं आहे. त्यात गोळी नाक पुढे करून आरपार जाते आणि डायची नको असलेली भोकं शिशाच्या छर्‍यांनी बुजवतात, एवढंच झालं. सवड असेल तेव्हा कळवा, आम्ही वही घेऊन बसतो.

तुमचे ऋणी,
गोळ्या ओतणारी मराठी मंडळी