हिवतापाचा डास ओळखायचा तर गुणसूत्रे पाहावी लागतात

संपादक महोदय,

पावसाळा लागला की हिवतापाच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांत बहुधा ‘ॲनोफिलिस डासाची मादी’ एवढाच उल्लेख असतो. ग्रामीण भारतातील हिवतापाचा प्रमुख वाहक असलेला ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस हा मुळात एक डास नसून, बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या पाच जातींचा समूह आहे, आणि ही गोष्ट उघड झाली ती गुणसूत्रे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यामुळे, हे वाचकांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

डासाच्या पेशीत गुणसूत्रे अवघी सहा. परंतु अर्धवट वाढलेली अंडी पोटात असलेल्या ॲनोफिलिस मादीच्या अंडाशयातील परिपोषक पेशींत ती पुनःपुन्हा दुणावूनही विलग होत नाहीत, त्यामुळे जाडजूड दिसतात. हे अंडाशय मिथेनॉल व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करून, प्रोपिऑनिक आम्लात फुगवून ऑर्सीनने रंगवले आणि कव्हरस्लिपवर अंगठ्याने बेताने दाब दिला, की गडद-फिकट पट्ट्यांची रांग उलगडते. (हा दाब किती द्यावा, हे पुस्तक वाचून येत नाही.) कुठल्या तुकड्यातील पट्ट्यांचा क्रम उलटा झाला आहे, हे त्यावरून वाचता येते. ग्रीन आणि माइल्स या संशोधकांनी 1980 साली अशाच उलट्या क्रमांवरून ‘ए’ आणि ‘बी’ या जाती वेगळ्या दाखवल्या. दोन्ही क्रमांचे डास एकाच परिसरात असूनही मिश्र क्रमाची संकरित मादी आढळत नाही, म्हणजेच त्यांच्यात संकर होत नाही, असा तो साधा पण भक्कम तर्क होता. यांपैकी ‘बी’ मुख्यतः गुराढोरांचे रक्त पिते आणि हिवताप पसरवण्यात तिचा वाटा नगण्य असतो.

तरीही रामेश्वरम बेटावर ‘बी’सारखेच पट्टे असलेले डास हिवताप पसरवत होते. हे कोडे सुटले ते नराच्या वाय गुणसूत्राचा आकार तपासल्यावर, आणि 1999 साली ‘ई’ ही पाचवी जात नोंदवली गेली. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस एजिप्टी डासामध्ये तर असे जाड गुणसूत्रपट्टे नीट मिळतच नाहीत. तेथे विभाजन पावणाऱ्या पेशींतील गुणसूत्रांवर बेरियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून गिम्सा या रंगाने रंगवण्याच्या ‘सी-पट्टन’ पद्धतीचा आधार घ्यावा लागतो.

आता डासाच्या डीएनएवरून जात ओळखणारी पीसीआर चाचणी आली आहे आणि ती जलद आहे, हे मान्यच आहे. मृत, वाळलेला डासही तिला चालतो. मात्र या समूहासाठीच्या पीसीआर चाचण्या पारखल्या गेल्या त्या गुणसूत्रांवरून आधीच ओळखलेल्या डासांवर. उद्या सहावी जात निघाली, तर जुन्या पाच जातींसाठी बेतलेली चाचणी तिला त्यांच्यापैकीच एकीचे नाव देण्याची शक्यता आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत डासांच्या गुणसूत्रांची एक तरी काचपट्टी विद्यार्थ्याने स्वतः तयार करावी, आणि हिवताप विभागातील कीटक समाहारकांनी पकडलेल्या माद्यांपैकी काहींचे अंडाशय दरवर्षी या तपासणीसाठी राखून ठेवावेत. त्यासाठी लागणारी रसायने आणि सूक्ष्मदर्शक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला परवडण्याजोगे आहेत.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, नाशिक